पावलांचा हिशेब आपल्या हाती

आजचा विषय आहे मोबाइलमधलं पावलं मोजणारं, व्यायामाची नोंद ठेवणारं ॲप. पण सुरुवात आम्ही मोबाइलपासून करणार नाही. सुरुवात करू या पिंपळाच्या पारापासून.

सोमवती अमावस्येला पिंपळाला १०८ प्रदक्षिणा घालायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. या प्रदक्षिणा मोजतात कशा? खारका, सुपाऱ्या, फुलं, जिची जशी ऐपत तशा १०८ वस्तू टोपलीत घ्यायच्या आणि दर फेरीला एक झाडापाशी ठेवायची. टोपली रिकामी झाली की फेऱ्या पुऱ्या. चातुर्मासात लाख वातींचा नेम धरणाऱ्या आजीचंही असंच असतं. शंभर-शंभरच्या जुड्या बांधत ती लाखापर्यंत पोचते. यातल्या कितीतरी जणींनी शाळेची पायरी कधी चढलेली नसते. तरी हिशेबात एक फेरी चुकत नाही की एक वात.

मोबाइलमधलं ॲप करतं ते याहून फार वेगळं नाही. आपण चालायचं आणि कुणीतरी मोजायचं. पूर्वी टोपली मोजायची, आता फोन मोजतो. तरी बचत गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला आणि कुणी फोन पुढे केला, की साठीच्या पुढच्या मावश्या हात मागे घेतात. "मला नाही बाई जमायचं," "काहीतरी बिघडायचं," "या वयात कशाला," ही तीन वाक्यं ठरलेली. म्हणून आज आम्ही तुम्हाला पावलं मोजण्याचा इतिहास सांगणार आहोत. पावलं आधी कुणी मोजली, कशासाठी मोजली, दहा हजारांचा तो आकडा आला कुठून आणि 'मला नाही जमायचं' म्हणणाऱ्या बायका याआधी अवघड गोष्टी कशा शिकल्या, हे एकदा कळलं की फोनचा धाक बराच कमी होतो.

माळेवर मोजलेली वाट

उत्तराखंडात, तिबेटच्या सीमेजवळ, जोहार खोऱ्यात मिलम नावाचं गाव आहे. तिथले नैनसिंह रावत हे शाळामास्तर. १८६३ साली इंग्रज सरकारच्या भूमापन खात्याने त्यांना आणि त्यांचे चुलतभाऊ मानी सिंह यांना एका निराळ्याच कामासाठी निवडलं. इंग्रजांना तिबेटचा नकाशा करायचा होता, पण तिबेटात परक्यांना शिरू देत नसत. साखळी आणि दुर्बीण घेऊन जमीन मोजायला गेलेला माणूस लगेच पकडला गेला असता. मग ठरलं, की यात्रेकरूच्या वेषात माणूस पाठवायचा आणि वाट पावलांनी मोजायची.

त्यासाठी त्यांना देहरादूनला शिकवलं गेलं. चढ असो की उतार, पाऊल सारख्याच लांबीचं टाकायचं. सुमारे दोन हजार पावलं झाली की एक मैल. मोजायला हातात जपमाळ. एरवी माळेत १०८ मणी असतात, यांच्या माळेत मुद्दाम १०० ठेवले होते. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. पूर्ण माळ फिरली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. बघणाऱ्याला वाटायचं, भाविक माणूस आहे, जप करत चालला आहे. दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र, पण त्यात मंत्रांच्या जागी टिपणाचे कागद.

१८६५-६६ मध्ये नैनसिंह काठमांडूहून ल्हासापर्यंत गेले आणि मानससरोवराच्या वाटेने परतले. त्या प्रवासात त्यांनी सुमारे २५ लाख पावलं मोजल्याचं सांगतात. ल्हासा शहर नकाशावर नेमकं कुठे आणि किती उंचीवर आहे, हे त्यांच्या मोजणीतून जगाला कळलं. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

या गोष्टीतून आपण दोन गोष्टी गाठीला बांधू. एक, पावलं मोजायला यंत्र लागतंच असं नाही. लक्ष लागतं आणि सराव लागतो. दुसरी, मोजणी कुणाच्यातरी कामाची असते. नैनसिंहांचे पाय दुखले, पण नकाशा झाला इंग्रज सरकारचा. तेव्हा कुणीही आपल्यासमोर आकडा ठेवला, की आधी विचारावं, हा आकडा कुणी काढला आणि कशासाठी?

बसचा ड्रायव्हर आणि बसचा कंडक्टर

चालण्याचा आणि तब्येतीचा संबंध माणसाला पूर्वीपासून जाणवत होता. पण तो आकड्यांत मांडला गेला तो लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हृदयविकाराचं प्रमाण वाढत होतं आणि कारण नीट कळत नव्हतं. मॉरिस यांनी लंडनच्या बस वाहतुकीतल्या पुरुष कामगारांकडे लक्ष दिलं. एकाच बसवर दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर उभा, आणि लंडनच्या बस दुमजली असल्यामुळे तिकिटं फाडायला सारखा जिना चढणारा-उतरणारा. एका पाळीत कंडक्टर ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा.

१९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी निष्कर्ष मांडले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता, आणि झालाच तर तो तितका जीवघेणा नसायचा. पगार साधारण सारखा, शहर तेच, बस तीच. फरक बसण्याचा आणि चालण्याचा.

मॉरिस तिथेच थांबले नाहीत. ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? हे तपासायला त्यांनी बस कंपनीने कामगारांना दिलेल्या गणवेशांची मापं काढली. खरंच, ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला मोठ्या निघाल्या. १९५६ मध्ये त्यांनी हेही छापलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, हे त्यांनी स्वतःच लोकांपुढे ठेवलं. पुढे टपाल वाटणारे आणि टेबलाशी बसणारे असे इतर कामगार पाहिले, तरी चालणारा निरोगी, हा कल टिकला.

हा अभ्यास पुरुषांचा होता. बाईच्या पावलांकडे असं बारकाईने पाहिलं जायला आणखी बराच काळ जावा लागला. ते पुढे सांगतो. त्याआधी जपानला जाऊन येऊ, कारण आपल्या फोनमधला दहा हजारांचा आकडा तिथला आहे.

दहा हजार कुठून आले

१९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं. सगळ्या जपानात खेळाचं आणि व्यायामाचं वारं होतं. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं एक छोटं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई'. 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पाऊल, 'केई' म्हणजे मापक. दहा हजार पावलांचं मापक. नाव ऐकायला गोड, लक्षात राहायला सोपं, आकडा गोल. चालणाऱ्यांची मंडळं निघाली, यंत्र खपलं आणि दहा हजारांचा आकडा जगभर पसरला. पुढे मनगटावरच्या पट्ट्या आल्या, मोबाइल आले आणि तो आकडा त्यांच्यात तसाच जाऊन बसला.

म्हणजे आपल्या सुनेच्या फोनवर रोज संध्याकाळी 'लक्ष्य अपूर्ण' असं जे दिसतं, त्या लक्ष्याचं मूळ एका वस्तूच्या नावात आहे. साठीच्या बाईच्या गुडघ्यांकडे पाहून कुणा डॉक्टरने तो ठरवलेला नाही. दहा हजार पावलं चालणं वाईट असं आम्ही म्हणत नाही. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर चालावं. पण चार हजारांवर थांबलेली मावशी नापास झाली असं जर कुणी म्हणत असेल, तर ते खरं नाही.

हे आम्ही मनचं सांगत नाही. अमेरिकेत डॉ. आय-मिन ली यांनी नेमका हाच प्रश्न वयस्क बायकांबद्दल विचारला. त्यांच्या अभ्यासात १६,७४१ बायका होत्या आणि त्यांचं सरासरी वय होतं ७२ वर्षं. प्रत्येकीने सात दिवस कमरेला मोजणी यंत्र लावलं आणि त्यानंतर सरासरी चार वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सगळ्यांत कमी चालणाऱ्या गटाची दिवसाची पावलं होती सुमारे २,७००. त्यांच्यापेक्षा सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. पावलं वाढत गेली तसा फायदा वाढत गेला, पण ७,५०० च्या आसपास तो थांबला. आणखी एक दिलाशाची गोष्ट म्हणजे, एकूण पावलं सारखी असतील तर भरभर चाललं की सावकाश, याने फारसा फरक दिसला नाही.

आता मॉरिस यांच्यासारखाच प्रश्न इथेही विचारायला हवा. आधीच आजारी असलेली बाई कमी चालणारच. त्यामुळे कमी चालण्याने मृत्यू आला, की आजाराने चालणं कमी झालं, हे अशा अभ्यासातून पूर्ण वेगळं करता येत नाही. शिवाय त्या बायका अमेरिकेतल्या, बहुतेक गोऱ्या आणि आरोग्यसेवेत नोकरी केलेल्या. त्यांचं जगणं आपल्यासारखं नाही. तरी एवढं मनात ठेवायला हरकत नाही, की २,७०० आणि ४,४०० यांच्यात फरक आहे १,७०० पावलांचा. आपल्या चालीने ते होतं वीसेक मिनिटांचं चालणं. घरापासून देवळापर्यंत जाऊन येणं. गुडघे दुखणाऱ्या मावशीला दहा हजारांचा डोंगर दाखवला तर ती खाटेवरून उठणार नाही. वीस मिनिटांची वाट दाखवली तर चप्पल घालील.

फोन मोजतो काय आणि सोडतो काय

फोन पावलं कशी ओळखतो हेही एकदा समजून घेऊ, म्हणजे त्यात जादू वाटणार नाही. फोनच्या आत अगदी बारीक असा एक भाग असतो. फोन वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे किती हलला ते त्याला कळतं. आपण चालतो तेव्हा दर पावलाला अंगाला एक हलका हिसका बसतो. तसे ठरावीक लयीतले हिसके आले, की फोन म्हणतो, हे पाऊल.

यावरून लगेच कळेल की फोन कुठे चुकतो. फोन फडताळात ठेवून तुम्ही विहिरीवर जाऊन आलात तर त्याच्या लेखी तुम्ही घरातच बसला होतात. अगदी हळू, पाय घासत चालणाऱ्या आजीचा हिसका इतका हलका असतो की काही पावलं तो गाळतो. उलट खडबडीत रस्त्यावर एसटीत बसलं तर एखाद वेळी न चाललेली पावलंही धरतो.

आणि आणखी एक मोठी चूक आहे. दिवसभर उकिडवं बसून खुरपलं, तर पावलं किती? थोडीच. पाट्यावर वाटण वाटलं, कणीक मळली, धुणं आपटलं, धार काढली, भरलेली घमेली उचलली, तर पावलं जवळपास शून्य. अंगातून घामाच्या धारा लागल्या तरी आकडा हलत नाही, कारण त्या यंत्राला पावलाशिवाय दुसरं काही ओळखायला शिकवलेलंच नाही.

बाईचं काम मोजणीतून निसटणं काही नवं नाही. जनगणनेत वर्षानुवर्षं शेतात राबणारी बाई 'काही काम करत नाही' या रकान्यात जात राहिली, कारण तिला मजुरी मिळत नव्हती. १९९१ च्या जनगणनेत कामाबद्दलच्या प्रश्नातच 'शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमजुरीचं केलेलं काम धरून' अशा अर्थाची भर घालावी लागली. पुढे २०१९ मध्ये देशभर लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची सरकारी पाहणी झाली. घरातलं बिनमजुरीचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष असं काम करत होते, त्यांचा वेळ होता ९७ मिनिटं.

म्हणून संध्याकाळी फोनवर लहान आकडा दिसला तर "आज मी काहीच केलं नाही" असं कुणीही म्हणू नका. फोनने फक्त पावलं मोजली. तुमचा दिवस मोजला नाही.

मग ॲप हवंच कशाला, असं कुणी विचारील. काम थकवतं, पण सगळं काम तब्येत राखत नाही. वाकून-वाकून कंबर धरते, पण चालणं होत नाही. घरात नळ आला, गॅस आला, गावात गिरणी आली, त्यामुळे पूर्वीचं पाणी वाहणं, मोळी आणणं, दळणं कमी झालं. ते चांगलंच झालं. पण वय वाढलेल्या कितीतरी जणींचं चालणंही त्याबरोबर घराच्या ओसरीपुरतं उरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरच्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं किंवा हालचाल सांगितली आहे. त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम, कारण म्हातारपणी पडणं फार महागात जातं. जिला हे जमत नाही तिने जमेल तेवढं करावं, काहीच न करण्यापेक्षा ते बरं, असंही त्यात म्हटलं आहे. आपण त्यातलं किती करतो, हे आपल्यालाच कळावं, एवढ्यापुरता फोन उपयोगाचा आहे.

'मला नाही जमायचं' म्हणणाऱ्या बायका

आता शिकण्याचा इतिहास. तमिळनाडूतला पुदुकोट्टै जिल्हा. १९९१ च्या सुमारास तिथे मोठी साक्षरता मोहीम चालली. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरं शिकवता शिकवता मोहिमेने एक वेगळीच गोष्ट धरली, बायकांना सायकल शिकवायची. शेतमजूर बायका, दगडखाणीत काम करणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या बायका, सगळ्या शिकायला आल्या. सायकलवर बसलेल्या बाईला लोक नावं ठेवत, खिदळत. तरी शिकलेलीने न शिकलेलीला मागून सायकल धरून शिकवलं. बायकांच्या सायकली पुरेनात, तर त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून त्याच बऱ्या असंही म्हणाल्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांहून जास्त बायका सायकलींवरून शहरात आल्या. पुढे शिकलेल्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात, फांगणे गाव. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली. पोथी आपल्याला स्वतःला वाचता यावी, ही गावातल्या आज्यांची जुनी इच्छा होती. विद्यार्थिनींचं वय साठपासून नव्वदपर्यंत. सगळ्यांना एकसारखं गुलाबी लुगडं आणि खांद्याला दप्तर. वर्ग भरायचा दुपारी, घरची कामं उरकल्यावर. शिकवायला गावातलीच एक सून, जिची सासू त्याच वर्गात पाटी घेऊन बसलेली.

दोन्ही ठिकाणचं पाहिलं तर काही गोष्टी सारख्या दिसतात. बायका एकेकट्या शिकल्या नाहीत, सगळ्या मिळून शिकल्या. त्यामुळे चुकलं तर हसणाऱ्याही आपल्याच. शिकवायला बाहेरचा साहेब आला नाही, दोन पावलं पुढे गेलेली शेजारीण आली. वेळ बायकांच्या सोयीची होती. आणि ज्याच्यासाठी शिकायचं ते त्यांच्या मनातलं होतं. कुणाला बाजाराला स्वतः जायचं होतं, कुणाला पोथी वाचायची होती. फक्त सरकार म्हणतं म्हणून कुणी साठाव्या वर्षी पाटी हातात घेत नाही.

आपल्या गटात कसं करता येईल

हाच धडा फोनला लावू. आधी मावशीला विचारा, तुला कशासाठी चालायचंय? "वारीला पुन्हा जायचंय," "नातवाला शाळेत पोचवताना दम लागतो," "डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलंय." उत्तर तिचं येऊ द्या. मग फोन काढा.

फोन तिच्याच हातात द्या. सुनांनो, नातींनो, ही गोष्ट तुमच्यासाठी. आजीच्या हातातून फोन घेऊन "थांब, मी करून देते" म्हटलं, की काम होतं पण शिकणं थांबतं. तुम्ही हात पाठीमागे धरा आणि तोंडाने सांगा. पडद्यावरची अक्षरं आधी मोठी करून ठेवा, भाषा मराठी लावून ठेवा. कष्टाने बोटाची कातडी जाड, कोरडी झालेली असते, त्यामुळे पडदा कधी कधी दाद देत नाही. हात धुऊन पुसावा, नखाने न दाबता बोटाच्या पेराने हलकं टेकवून लगेच उचलावं. दाबून धरलं की भलतंच उघडतं आणि आजीला वाटतं, बिघडलं. नुसतं बघून, उघडून, बंद करून फोन बिघडत नाही, हे तिला चार वेळा करून पाहू द्या.

ॲप कुठलं घ्यायचं? पुष्कळ फोनमध्ये पावलं मोजणारं एखादं आधीपासून असतंच. केंद्र सरकारचं फिट इंडिया ॲपही आहे, ते २९ ऑगस्ट २०२१ ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी आलं आणि फुकट आहे. पैसे मागणारं ॲप घ्यायची गरज नाही. चालण्याच्या ॲपला बँकेचा तपशील, ओटीपी किंवा फोनमधल्या लोकांचे नंबर लागत नाहीत. मागितले तर देऊ नका. मध्येच जाहिरात आली तर तिच्यावर बोट ठेवू नका, मागे या.

आणि आता पहिला धडा. नैनसिंहांच्या माळेची आठवण ठेवून आम्ही त्याला शंभर पावलांची परीक्षा म्हणतो. ॲप उघडून आकडा पाहा, कुणालातरी तो वहीत लिहायला सांगा. फोन कनवटीच्या बटव्यात नाहीतर पिशवीत ठेवून पिशवी अंगाशी धरा. मग मोठ्याने मोजत शंभर पावलं चाला. थांबा, मिनिटभर दम खा, कारण आकडा कधी कधी उशिरा हलतो. पुन्हा पाहा. शंभरच्या आसपास वाढला का? ऐंशीच वाढला तर फोनने वीस पावलं गाळली. आजीने गाळली नाहीत. फोन हातात धरून, मग पिशवीत ठेवून, अशी दोन-तीनदा परीक्षा घेतली की कुठे ठेवल्यावर तो खरं बोलतो हे कळतं. यात परीक्षा फोनची आहे आणि मास्तरीण आजी आहे, म्हणून तिची भीड सुटते.

दुसऱ्या आठवड्यात रोजचा आकडा वहीत लिहा. बचतीच्या वहीसारखाच एक रकाना. नोटेवरचे आणि कॅलेंडरवरचे आकडे जिला ओळखता येतात, तिला फोनवरचेही येतील. सात दिवसांनी आपलं रोजचं साधारण किती होतं ते बघा आणि त्यात पाचशेची भर घाला. झेपली तर पुढच्या आठवड्यात आणखी थोडी. तुलना आपली आपल्या मागच्या आठवड्याशीच करा. ताराबाईंचे सहा हजार आणि शांताबाईंचे दोन हजार असं बैठकीत वाचून दाखवू नका. दोन हजारवालीच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल.

प्रत्येकीकडे फोन नसतो. घरातला एकच फोन मुलगा कामावर घेऊन जातो, ही काही घरांतली गोष्ट आहे. त्यावर उपाय असा, की पाच-सहा जणींनी एका फोनवर मिळून चालायचं. जवळजवळ सारख्या चालीने चाललं तर एकीची पावलं ती साधारण सगळ्यांची. आणि फोन मुळीच नसेल तर ओच्यात वीस खडे घ्या, दर शंभर पावलांना एक टाका. वीस खडे संपले की दोन हजार. लाख वातींचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे शिकवायला लागत नाही.

एक सूचना मात्र काळजीने ऐका. बीपी, साखर, हृदयाचा त्रास असेल, गुडघ्याचं किंवा कमरेचं ऑपरेशन झालं असेल, तर चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आशाताईंना सांगा, त्या उपकेंद्रात नेतील. चालताना छातीत दाटलं, चक्कर आली, फार धाप लागली, तर आकडा कितीही राहिला असला तरी थांबा. फोनला तुमची छाती दुखलेली कळत नाही, तुम्हाला कळते.

नैनसिंहांची माळ इंग्रजांच्या नकाशासाठी फिरली, जपानी यंत्र विक्रीसाठी आलं, मॉरिस आणि ली यांची मोजणी आजार समजून घेण्यासाठी झाली. तुमच्या वहीतला आकडा तुमच्यासाठी असेल. तो कुणाला दाखवायचा, किती वाढवायचा, कुठल्या दिवशी फोन घरी ठेवून नुसतंच चालायचं, हे तुम्हीच ठरवायचं.

येत्या बैठकीत हप्ते भरून झाले, की गटातल्या सगळ्यांत मोठ्या मावशीच्या हातात फोन द्या आणि शंभर पावलं मोजायला लावा. किती भरली आणि फोनने किती धरली, ते आम्हाला जरूर कळवा.